सायबर क्लबची माटोळी

श्रीनाथ परब सरांचं म्हणणं असं, की माणूस हावरटपणापायी फसत नाही, हौसेपायी फसतो. हे त्यांनी सायबर सुरक्षा क्लबच्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

विद्यापीठाने यंदा सगळ्या कॉलेजांच्या सायबर क्लबांची स्पर्धा ठेवली होती. अंतिम फेरी चवथीनंतर, म्हणजे गणपती उरकले की. पण तिथे जायचं तर आधी प्रत्येक क्लबाने आपल्या कॉलेजात एक चाचणी घ्यायची. कॉलेजच्या लोकांना एक खोटा मेसेज पाठवायचा, त्यातल्या लिंकवर बोट ठेवून आपला पासवर्ड कोण देऊन बसतं ते मोजायचं, आणि फसलेल्याला तिथल्या तिथे सांगायचं की बाबा रे, हे खोटं होतं, पुन्हा असं करू नकोस. गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या त्या कॉलेजातला सायबर क्लब म्हणजे मूठभर पोरं, जिन्याखालची एक खोली आणि कोरगावहून रोज मोटरसायकल हाणत येणारे श्रीनाथ सर. क्लबची अध्यक्ष सेजल. अंतिम फेरीत चमकलेल्यांना मोठ्या कंपन्या तिथूनच उचलतात असं तिच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून ती जेवतानासुद्धा लॅपटॉप उघडा ठेवायची आणि भात थंड झाला की आईची बोलणी खायची.

"मोफत रिचार्जचो मेसेज धाडूया," सर्वेश म्हणाला. हा क्लबातला दुसरा हुशार.

सर हसले. ते हसणं जाणकाराचं होतं. "असल्या मेसेजला आता पेडण्याच्या बाजारातला भाजीवालासुद्धा फसत नाही. गळाला लावायचं ते आमिष इथलंच हवं."

आणि त्यांनी गळाला माटोळी लावली. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, सुपारीची शिपटी, नारळाच्या पेंडी, आंबाडे, तोरिंजनं बांधतात, ती माटोळी. ती घरोघरी असते, आणि प्रत्येक घराला आपलीच सगळ्यांत सरस वाटते. आजवर हा निकाल शेजारणींच्या नाक मुरडण्यावर लागत आला होता. 'भव्य माटोळी स्पर्धा, परीक्षक प्रत्यक्ष घरी येतील, नोंदणीसाठी इथे दाबा' असा मेसेज सरांनी स्वतः लिहिला, आणि आपणच आपल्या पाठीवर थाप मारता येत असती तर तीही मारली असती.

वाद झाला तो शेवटच्या पानावरून. नाव, गाव आणि पासवर्ड भरला की जे पान उघडणार, त्यावर सेजलला मोठ्या अक्षरांत एवढंच हवं होतं : तुम्ही फसलात. भरलेला पासवर्ड कुठेच साठणार नाही, नुसती नावं आणि गावं येतील, ही काळजी तिने आधीच घेतली होती. पण सर म्हणाले, "अगं, हे पान हेडक्लार्क बघणार, ग्रंथपालबाई बघणार. वडीलधाऱ्या माणसांना फसलात म्हणायचं?" मग त्यांनी स्वतः बसून मजकूर लिहिला. 'महोदय/महोदया, आपण आताच सादर केलेली माहिती अनोळखी व्यक्तीच्या हाती पडल्यास होणाऱ्या संभाव्य परिणामांबाबत आपण सजग राहावे, ही नम्र विनंती.' पुढे असाच आणखी एक भरगच्च परिच्छेद. वर क्लबचं चिन्ह, ढाल आणि कुलूप. खाली मोजणीला सोपं पडावं म्हणून 'आपला क्रमांक' आणि आकडा.

आता तुम्हीच सांगा, असं पान बघून आपल्याकडे कोण काय समजेल? वर शिक्का, मध्ये न वाचण्यासारखा मजकूर, खाली क्रमांक. म्हणजे नोंदणी झाली! हेडक्लार्कनी त्या पानाचा फोटो काढून बायकोला पाठवला. बायकोने माहेरच्या ग्रुपवर टाकला, सोबत लिंकही. माहेर डिचोलीचं, आणि डिचोलीच्या माहेरवाशिणी काही एका गावात दिलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेजल जिन्याखालच्या खोलीत आकड्याकडे बघत बसली होती. "सर, आपल्या कॉलेजात माणसां कितकी?"

"का गं?"

"तितके झाले. आता नानोडा गाव चालू आसा. मये झाली. पेडणे तालुको तर सुसाट सुटलो."

सरांनी लिंक ताबडतोब बंद करायला सांगितली. तिने केली. त्यावर दुपारपर्यंत बाजारात बातमी, की गर्दीमुळे नोंदणी बंद पडली, ज्यांना क्रमांक मिळाला ते नशीबवान. ज्यांना मिळाला नव्हता त्यांनी दुसऱ्याच्या क्रमांकाखाली आपलं नाव हाताने लिहून पुढे धाडायला सुरुवात केली.

संध्याकाळी सर कोरगावला घरी पोचले तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या आईने, सत्यवतीबाईंनी, माळ्यावरची माटोळीची चौकट काढून पुसून ठेवली होती. ओली कापडं, काथ्याच्या दोऱ्या, कोयती.

"यंदा चौकट ल्हान पडतली," त्या म्हणाल्या. "सुताराक सांगून नवी करून घेतंय. आणि तू उद्या रजा घी. कवंडळां काढूक रानात जाऊचां आसा."

"आई, कोणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांका सांगलां, माकाच कोणी सांगूक ना. माझो झील कॉम्प्युटरातलो, आणि माका पोदेराकडसून कळला. फॉर्म पण तेनाच भरून दिल्यान." पाववाल्याने ही बातमी दारोदार पावाबरोबर फुकट वाटली होती.

सरांनी आईला त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण वडील गेल्यापासून आईने इतक्या उत्साहाने कशाला हात घातलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्याऐवजी त्यांनी ठरवलं, आधी गावाला सांगू, मग गावच आईला सांगेल. मध्यमवर्गीय माणूस धाडस करतो ते असं, लांबच्या वाटेने.

गावच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं : 'माटोळी स्पर्धेचा मेसेज खोटा आहे. कृपया विश्वास ठेवू नये. - श्रीनाथ परब.' पाचच मिनिटांत ग्रुपचे चालक बाबलीकाका यांनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

बाबलीकाका शेजारचे. मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांची कचेरी आपल्या घराच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, भरायची. सर तावातावाने जनेलापाशी गेले.

"भिया नको," काका म्हणाले. "तुझो नंबर कोणी तरी हॅक केल्यान. मी बरोबर वळाखलंय."

"काका, तो मेसेज मीच टाकला."

"तूच मरे देवळात लेक्चर दिलंस? माझ्या नावान मेसेज ईलो तरी विश्वास ठेव नकात म्हणान? फोटो आसा माझ्याकडे, तू हात वर करून सांगतंस तो."

"पण हा मेसेज नाही, मी स्वतः उभा आहे तुमच्यासमोर!"

काकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आवाज उतरवून विचारलं, "कोणी धमकी दिल्यान तुका? आता बाजूक कोण आसा?" आणि ते जनेलातून मान बाहेर काढून आंब्याच्या झाडामागे बघू लागले.

सर माघारी वळले तेव्हा काकांनी मागून शेवटचा घाव घातला. "आणि आवशीची माटोळी कमी पडतली म्हणान स्पर्धाच रद्द करूक बघतंस, असां लोक म्हणतले हां! मी म्हणना. लोक म्हणतले."

वर्षभर ज्यांनी लॉटरी लागल्याचे, वीज कापण्याचे, बँकेचं खातं गोठल्याचे सगळे मेसेज डोळे मिटून खरे मानले, ते एका खऱ्या मेसेजवर तुटून पडले. सरांची जागृतीची व्याख्यानं वाया गेली नव्हती, हे त्या रात्री त्यांना फार त्रासदायक रीतीने कळलं. झोप अशी नाहीच. फोन वाजला की छातीत धस्स आणि नाही वाजला की आणखीच धस्स.

दोन दिवसांनी प्राचार्य शेट्ये यांनी बोलावलं. प्राचार्यांचं टेबल एवढं मोठं की समोरचा माणूस आपोआप लहान व्हायचा.

"परब, मला डिचोली तालुक्यातल्या तीन पंचायत सदस्यांचे फोन आले. परीक्षक किती वाजता येणार, विचारतात. मी काय सांगू? की आमच्या कॉलेजने अख्ख्या दोन तालुक्यांना टोपी घातली?"

"सर, चाचणी होती. विद्यापीठाची."

"विद्यापीठ पणजीकडे. लोक माझ्या दारात." ते थांबले. "एक. फक्त एक तक्रार ह्या टेबलावर आली तर क्लब बंद. अंतिम फेरी नाही, काही नाही. जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन ठेवतो."

जिन्याखाली आल्यावर सरांनी हे सांगितलं. सेजलने लॅपटॉपचं झाकण हळूच बंद केलं. भांडली असती, रडली असती, तर सरांना बरं वाटलं असतं. चूक आपल्या सभ्य मराठीची, आणि भोगायची ह्या पोरीने.

"सर," ती म्हणाली, "तक्रार कसली येतली? स्पर्धा खोटी आसा, हीच ना?"

"हो."

"खरी केल्यार?"

सर्वेशने टाळी वाजवली. सरांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, मग जिन्याच्या खालच्या बाजूकडे बघितलं, मग कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "स्कूटर कोणाकोणाकडे आहेत?"

खरी अडचण पुढेच होती. गोव्यातले बरेचसे गणपती दीड दिवसाचे. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारनंतर देव पाण्यात आणि माटोळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पिशव्यांत. दीड दिवसात दोन तालुके! सेजलने मोबाइलवर गुण भरायची सोय केली, वाटा आखल्या, सरांना, क्लबच्या पोरांना आणि त्यांच्या चुलतभावंडांना गावं वाटून दिली. सगळ्यांनी फोटो आणि गुण पाठवायचे आणि वरच्या नंबरात आलेल्या घरी शेवटी सरांनी स्वतः जायचं. हॅकिंगच्या तयारीसाठी शिकलेलं सगळं कसब त्या पोरीने नारळाच्या पेंडी मोजायला लावलं. सरांनी एकच नियम घातला. तो त्यांना फार न्यायी वाटला आणि पुढे फार महाग पडला. परीक्षकाच्या घरच्या माटोळीला बक्षीस नाही.

चवथीच्या दिवशी पाऊस होता. सर पहाटे पूजा आटोपून, रेनकोट चढवून निघाले तेव्हा सत्यवतीबाई माटोळीखाली उभ्या होत्या. चौकट भरून वाहत होती. तांबडीभडक कवंडळं, हिरवी कांगलं, मधोमध डोक्याएवढं तोरिंजन.

"आमच्याकडे कोण येतलो?" त्यांनी विचारलं.

"सेजल येईल," सर म्हणाले आणि नियम सांगायचं पुन्हा एकदा टाळून निघून गेले.

परीक्षकाने आधी आपल्या पोटाचा विमा उतरवावा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चवथीला घरात आलेला माणूस तोंडात काही न घालता परत जाईल, हे त्या मुलखात शक्य नाही. पहिल्या घरी नेवऱ्या, म्हणजे करंज्या. दुसऱ्या घरी नेवऱ्या आणि भाज्यांचं खतखतं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "त्यांच्याकडे खाल्लात आणि आमच्याकडे ना? म्हणजे निकाल झालोच!" चौथ्या घरापासून सर नेवऱ्या खिशात घालू लागले. रेनकोटच्या खिशात पाणी, पाण्यात नेवऱ्या. त्यात प्रत्येक घरी एक म्हातारी कोपऱ्यातलं फळ दाखवून विचारायची, "ह्यां काय सांग बघू?" सरांना भेंडी आणि भोपळा सोडला तर बाकी सगळी रानफळं सारखीच. ते गंभीर चेहरा करून "दुर्मीळ!" म्हणायचे. एका घरी ते दुर्मीळ म्हणाले ती दुधी होती, नुसती वेलीवर वाकडी वाढलेली. त्या घरातून ते लवकर निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेजल आणि सर्वेशही सरांबरोबर निघाले, आणि वरच्या नंबरांच्या यादीतलं पुढचं घर होतं साखळीत, बाजाराच्या मागे. दार उघडलं प्राचार्य शेट्ये यांनी. अंगावर पंचा, हातात निरांजन.

"रूपालीने हट्ट धरला," प्राचार्य म्हणाले. "फॉर्म मीच भरला. तुम्ही मेसेज पाठवलात त्याच दिवशी."

सेजलने मोबाइलवर बघितलं आणि पटकन फोन उलटा धरला. क्रमांक एक. अख्ख्या दोन तालुक्यांत पहिला पासवर्ड प्राचार्यांनी दिला होता.

प्राचार्यांच्या पत्नी रूपालीवहिनींची माटोळी सुबक होती. वहिनी स्वतः माटोळीपेक्षा सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि पानात पातोळ्या वाढत होत्या, एक संपायच्या आत दुसरी. सर बाहेर पडले तेव्हा त्यांना घाम फुटला होता, भर पावसात.

"पयलो नंबर हेंकाच दिऊया," सर्वेश म्हणाला. "क्लब वाचलो."

सरांनाही क्षणभर तसंच वाटलं. खोटं कशाला बोला, क्षणभर नव्हे, चांगलं पुढच्या घरापर्यंत वाटत राहिलं.

पुढचं घर म्हणजे डिचोलीजवळच्या चाळीतली एक खोली. सीमेपलीकडच्या सातार्ड्याहून खाणीच्या ट्रकांवर कामाला आलेला सखाराम तिथे राहायचा. खोली एवढी की आत शिरायचं तर माटोळीखाली वाकूनच शिरावं लागत होतं. ट्रक जिथे जिथे थांबला तिथून सखारामने काही ना काही आणलं होतं. घाटातल्या शेंगा, खाणीच्या कडेच्या बोराट्या, वाटेवरच्या देवराईची पडलेली फळं. "घराक जाऊक रजा गावली नाय," तो म्हणाला. "म्हटलां, घरची माटवी हंयच बांधूया." त्याची बायको आणि मुलगी भिंतीला टेकून उभ्या होत्या. खोलीत चार माणसं उभी राहिली की पाचव्याला जागा नव्हती, पण वर बघितलं तर सगळं रान उतरलं होतं. सरांनी तिथली नेवरी खिशात न घालता खाल्ली.

बाहेर आल्यावर सेजल म्हणाली, "सर, क्लब ऱ्हावांदी, बंद पडांदी. होच पयलो." सर हो म्हणाले.

निकाल ग्रुपवरून फिरला. लोकांनी ह्या वेळी विश्वास ठेवला, कारण खाली श्रीनाथ सरांचं नाव नव्हतं. बक्षीस म्हणून क्लबच्या कपाटातली ढाल दिली. तिच्यावर 'उत्कृष्ट प्रोग्रामर' असं कोरलेलं होतं, पण सखारामने ती ट्रकच्या काचेपाशी लावली आणि कोणी विचारलं तर तो मान हलवायचा. दिवस गेले. तक्रार आली नाही. टोपी घातल्याची एकही तक्रार दोन तालुक्यांतून आली नाही! विद्यापीठात चाचणीचा अहवाल गेला, तर तिथून उलट विचारणा, की एवढे लोक कसे फसतील, आकडे खरे आहेत ना. सेजलने हसून पुरावे धाडले. अंतिम फेरी दोन दिवसांवर आली आणि सरांना बऱ्याच काळाने भूक लागली.

नेमक्या त्या दुपारी प्राचार्यांचा शिपाई धावत आला. "सर, तक्रार ईली."

सर धावले, मागे सेजल. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, त्या मोठ्या टेबलासमोर, ठेवणीतलं लुगडं नेसून, छत्री मांडीवर आडवी धरून सत्यवतीबाई बसल्या होत्या. कोरगावहून म्हापसा, म्हापशाहून साखळी, अशा बसा बदलून त्या एकट्या आल्या होत्या.

"आई?"

"तू गप," त्या म्हणाल्या, मग प्राचार्यांकडे वळल्या. "साहेब, मी आठ दीस रानात हिंडलंय. ह्या चेडवान माका चांगले गुण दिल्यान, माका दाखयल्यान सुद्धा. आणि ह्या परीक्षकान ते काढून टाकल्यान. कित्या? तर म्हणे मी तेची आवय. आवय झालंय हो माझो गुन्हो? शेजारणी येवन विचारतत, सत्यवती, तुझो कितवो नंबर? काय सांगू?"

श्रीनाथ सरांनी मान खाली घातली. त्यांनी आठ दिवस आईला हे सांगितलं नव्हतं आणि आईने आठ दिवस त्यांना काही विचारलं नव्हतं. घरात दोघं फक्त पावसाबद्दल बोलत होती.

प्राचार्यांनी घसा खाकरला. "परब, मी म्हटलं होतं, एक तक्रार आली तर क्लब बंद."

सेजलचा चेहरा उतरला. पण तिच्याआधी सत्यवतीबाई बोलल्या. "बंद? बंद केलात तर फुडल्या चवथीक स्पर्धा कोण घेतलो?"

प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघितलं. निकाल लागल्यापासून रूपालीवहिनी त्यांच्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या, जेवणाचं ताट नुसतं पुढे सरकवत होत्या. त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते बाकी कोणाला नाही, पण संसार केलेल्याला कळावं.

"स्पर्धा पुन्हा व्हायला हवी," ते सावकाश म्हणाले. "अन्याय बऱ्याच लोकांवर झालेला दिसतो. त्यासाठी क्लब चालू ठेवावा लागेल. मात्र पुढच्या वर्षी परब परीक्षक नकोत."

"नकोच," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"आणि अंतिम फेरी, सर?" सेजलने विचारलं.

"कसली फेरी? हां, ती. जा, जा." त्यांनी हात हलवला.

सेजल जिन्याकडे पळत सुटली. सरांनी आईला मोटरसायकलवर बसवायला बघितलं, पण त्या म्हणाल्या, मी बसने आले, बसनेच जाईन. मग मोटरसायकल कॉलेजातच ठेवून सरही बसमध्ये चढले. म्हापशाला बस बदलून दोघं पुन्हा शेजारी बसली.

"तुका राग ईलो?" आईने विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "मीच सांगायला हवं होतं. तुझीच चांगली होती, आई. सखारामची सोडली तर."

त्यावर त्या थोड्या सुखावल्या आणि त्यांनी छत्रीचं टोक दाबून धरलं. मग जवळ सरकून, पुढच्या बाकावरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाल्या, "फुडल्या वर्सा पासवर्ड तोच चलतलो मरे? तुझां नाव आणि जल्माचां वर्स? दुसरां काय माझ्या याद ऱ्हवना."

ज्या माणसाने असल्या पासवर्डावर पोरांना तासन् तास झापलं होतं, त्याने दोन्ही तिकिटं घडी करून खिशात ठेवली.

"चलतलो," श्रीनाथ सर म्हणाले.